अभनपूरच्या फाट्यावर : रोजच्या छायाचित्रणासाठी कॅमेरा कोणता?

रायपूरहून दक्षिणेस धमतरीकडे जाणारा हमरस्ता धरला म्हणजे तीस किलोमीटर पुरे होण्याच्या आतच अभनपूर लागते. धमतरी, कांकेर, जगदलपूर अशी पुढची मोठी नावे मनात धरून निघालेला प्रवासी येथे क्वचितच उतरतो. उतरलाच तर चहापुरता, किंवा राजिमची गाडी पकडण्यापुरता. कारण याच गावापासून एक रस्ता पूर्वेस नवापारा-राजिमकडे, महानदीच्या काठाकडे वळतो. तहसिलीचे ठिकाण, भोवती भाताची खाचरे, बाजाराची एक लांबट गल्ली, भाताच्या गिरण्या, आणि आषाढापासून आश्विनापर्यंत नजर पोहोचेल तेथवर हिरवा रंग, असे हे गाव आहे. प्रवासवर्णनांच्या पुस्तकांत त्याला पान मिळत नाही. वाचकहो, तरीही आज आपणांस येथे थांबण्याचा आग्रह करावयाचा आहे, तो एका अगदी गृहस्थी प्रश्नासाठी. घरात एक कॅमेरा असावा असे आपल्याला वाटते. तो कोणता असावा?

या प्रश्नासाठी अभनपूरच का, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर या गावाच्या रुळांत आहे.

गेलेली छोटी गाडी

१९०० च्या सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूर ते धमतरी असा अरुंद मापाचा लोहमार्ग सुरू केला. दोन रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. अभनपूर हे या मार्गावरील जंक्शन. येथूनच सुमारे सतरा किलोमीटरांचा एक फाटा राजिमला जाई. डबे ठेंगणे, वेग बेताचा, फलाट जवळजवळ जमिनीलगत. खेड्यांतील माणसे या गाडीला प्रेमाने छोटी गाडीच म्हणत. भाजीच्या टोपल्या, तांदळाची गाठोडी, शाळकरी मुले, माघ महिन्यात राजिमच्या जत्रेला निघालेली कुटुंबेच्या कुटुंबे, यांची ने-आण तिने शंभरांहून अधिक वर्षे केली.

ती गाडी आता नाही. प्रथम रायपूर शहरातील तिचा भाग बंद झाला. तेथील तिच्या पट्टीवर आता द्रुतगती रस्ता झाला आहे. पुढे उरलेला मार्गही रुंदीकरणासाठी थांबला. नवा रुंद मार्ग मंदिर हसौद, नवा रायपूर व केंद्री असे वळण घेऊन अभनपुरास आला, आणि ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर विजेची मेमू गाडी सुरू झाली. त्याच वर्षी ती राजिमपर्यंत वाढविण्यात आली. ही प्रगती स्वागतार्हच आहे. नवी गाडी वेगवान आहे, डबे प्रशस्त आहेत, आणि नोकरीसाठी रोज शहरात जाणाऱ्याचा वेळ वाचतो. जुन्या अरुंद मापाच्या गाड्यांची इंजिने व साहित्य पाहावयाचे असेल तर नागपूरच्या मोतीबागेतील संग्रहालयात जावे. तेथे ती जपून ठेवली आहेत.

परंतु इंजिन जपणे वेगळे आणि गाडीतले जीवन जपणे वेगळे. छोट्या गाडीच्या अखेरच्या काळात दूरदूरचे रेल्वेप्रेमी मोठमोठाले कॅमेरे घेऊन आले आणि त्यांनी इंजिनाची, वळणांची, पुलांची उत्तम चित्रे घेतली. ज्या माणसांनी जन्मभर त्या गाडीने प्रवास केला, त्यांच्या घरी मात्र काय आहे? लग्नाचा अल्बम असतो, बारशाची चित्रे असतात, आणि देवदर्शनाला गेल्यावर मंदिरासमोर ओळीने उभे राहून काढून घेतलेले एक चित्र असते. रोज सकाळी गाडीच्या दारात टोपली ठेवून बसणारी आजी त्या अल्बमात बहुधा सापडत नाही. कारण सोपे आहे. कॅमेरा ही वस्तू समारंभाची मानली गेली. रोजच्या गोष्टीचे चित्र काय घ्यायचे, ती उद्याही आहेच, असे प्रत्येकाला वाटत असते. आणि मग एके दिवशी ती नसते.

म्हणून रोजच्या छायाचित्रणासाठी कॅमेरा निवडणे हा केवळ हौसेचा किंवा खर्चाचा प्रश्न नाही. आपल्या घराची व गावाची कोणती आठवण मागे राहील, हे त्या निवडीवर पुष्कळ अंशी ठरते.

हा मुलूख परका नाही

मराठी वाचकाला छत्तीसगड अगदीच अपरिचित नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत या मुलुखावर चालून आले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, पण मराठी कुटुंबे येथेच रुजली. रायपूरच्या तात्यापारा भागात, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत आणि भाद्रपदातल्या गणपतींत ती आजही भेटतात. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हे याच मातीत वावरलेले मराठी गृहस्थ.

सणवारांतही नाते आहे. पंचांगातील मास मोजण्याची रीत निराळी असल्याने छत्तीसगडातील श्रावण अमावास्येची हरेली आपल्याकडच्या आषाढ अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला येते. त्या दिवशी शेतकरी नांगर, कुदळ, फावडे धुऊन त्यांची पूजा करतो आणि मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून मिरवतात. पुढच्या अमावास्येला पोळा, त्यांचा पोरा. मुलांच्या हाती चाके लावलेले मातीचे नंदिया बैल दिसतात. पौषी पौर्णिमेला छेरछेरा, तेव्हा पोरे दारोदार फिरून नव्या धान्याचे दान मागतात. नागपूर-भंडाऱ्याकडचे पाहुणे रायपूरला आले की त्यांना दाखवावे, आणि चित्रात टिपून ठेवावे, असे येथे वर्षभर काही ना काही असतेच.

तीन प्रकारचे कॅमेरे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाजारात हौशी माणसासमोर मुख्यतः तीन प्रकार ठेवले जातात : कॉम्पॅक्ट, डीएसएलआर आणि मिररलेस. नावांना भिण्याचे कारण नाही. तिन्हींत तत्त्व एकच आहे. पुढच्या भिंगातून प्रकाश आत येतो आणि जेथे पूर्वी फिल्म असे तेथे बसविलेल्या संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर, पडतो. भेद आहे तो दोन गोष्टींत : संवेदक किती मोठा, आणि आपण चित्र पाहतो ते कोणत्या मार्गाने.

डीएसएलआर हा जुन्या फिल्मच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्याचा थेट वारस. त्यात भिंगाच्या मागे तिरपा आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर जातो, वरच्या काचेच्या लोलकातून वळतो आणि आपल्या डोळ्याला साक्षात समोरचे दृश्य दिसते. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश संवेदकावर पडतो. ‘खटाक्’ असा जो आवाज येतो तो मुख्यतः या आरशाचा. आरशाला हलण्यास जागा हवी, म्हणून भिंग आणि संवेदक यांत बरेच अंतर ठेवावे लागते. कॅननच्या डीएसएलआरमध्ये ते ४४ मिलिमीटर, निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर. साहजिकच कॅमेरा जाड व वजनदार होतो.

मिररलेसमध्ये, नावाप्रमाणेच, आरसा नाही. प्रकाश सरळ संवेदकावर पडतो आणि त्याने पाहिलेले चित्र मागच्या पडद्यावर अथवा डोळ्याला लावण्याच्या खिडकीतील इवल्या पडद्यावर दिसते. आरसा गेल्याने वरील अंतर कॅननच्या नव्या जातीत २० व निकॉनच्या नव्या जातीत १६ मिलिमीटरांवर आले. संवेदक मात्र डीएसएलआरइतकाच मोठा राहू शकतो आणि भिंगेही बदलता येतात. २००८ साली पॅनासॉनिकने या घडणीचा जी १ हा कॅमेरा काढला आणि ही जात लोकांत रुळू लागली.

कॉम्पॅक्ट म्हणजे खिशात मावणारा, एकाच कायमच्या भिंगाचा कॅमेरा. साध्या कॉम्पॅक्टमधील संवेदक साधारण ६ मिलिमीटर रुंद व ४.५ मिलिमीटर उंच, म्हणजे मुगाच्या दाण्याहून फार मोठा नव्हे. चांगल्या, महाग कॉम्पॅक्टमध्ये तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरांचा असतो. हौशी डीएसएलआर व मिररलेसमध्ये बहुधा २३.५ बाय १५.६ मिलिमीटरांचा, आणि मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्यांत जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरांचा. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर हौशी डीएसएलआरचा संवेदक साध्या कॉम्पॅक्टच्या सुमारे तेरापट आणि व्यावसायिक कॅमेऱ्याचा तीसपट भरतो. अंगणात ठेवलेल्या परातीत वाटीपेक्षा पावसाचे पाणी अधिक साचते. तसाच मोठा संवेदक मंद प्रकाशातही अधिक प्रकाश गोळा करतो आणि चित्रात कण-कण कमी दिसतात.

चौथा प्रकार न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो म्हणजे प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल. त्याचा संवेदक लहानच असतो, पण एका क्षणात अनेक चित्रे घेऊन त्यांचे मिश्रण करण्याची युक्ती त्याच्या अंगी आहे. साध्या कॉम्पॅक्टचा धंदा त्यानेच बसविला. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली सर्व प्रकारचे मिळून सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ही संख्या ८० लाखांच्याही आत होती.

एका दिवसाची परीक्षा

ही माहिती कागदावर वाचून निवड होत नाही. त्यासाठी कॅमेरा गळ्यात अडकवून एक दिवस हिंडावे लागते. आपण अभनपुराहून सकाळी निघालो आहोत असे समजू.

पहिली परीक्षा स्थानकावर. गाडी येत आहे, फलाटावर माणसे उठून उभी राहिली आहेत, आणि हवा तो क्षण एक-दोन सेकंदांत सरणार आहे. डीएसएलआर येथे तत्पर ठरतो. कळ फिरवताच तो सज्ज होतो आणि त्याच्या खिडकीतील दृश्यास क्षणाचाही विलंब नसतो. आजचे मिररलेसही जवळजवळ तितकेच चपळ आहेत, आणि माणसाचा चेहरा व डोळा स्वतः ओळखून त्यावर नेमके केंद्र साधण्यात तर वरचढ. मात्र एक सूचना ध्यानी ठेवावी. मिररलेसमध्ये निःशब्द विद्युत्-पडद्याची सोय असते. त्या पद्धतीत बहुतेक कॅमेऱ्यांतील संवेदक चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. तेवढ्या अवधीत धावती गाडी पुढे सरकते आणि चित्रात डबे तिरके झाल्यासारखे दिसतात. म्हणून गाडीसाठी साधा यांत्रिक पडदाच वापरावा. आणि रूळ ओलांडून किंवा फलाटाच्या कडेवर उभे राहून कोणतेही चित्र घेऊ नये, हे सांगावयास नकोच.

दुसरी परीक्षा बाजारात, भर दुपारी. छत्तीसगडचे ऊन प्रखर असते; वैशाखात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. या उन्हात मोबाईलचा आणि स्वस्त कॉम्पॅक्टचा मागचा पडदा दिसेनासा होतो. आपण नेमके काय टिपतो आहोत हे अंदाजानेच ठरवावे लागते. डोळ्याला लावण्याची खिडकी असलेला कॅमेरा येथे उपयोगी पडतो. डीएसएलआरला ती असतेच. मिररलेस व कॉम्पॅक्ट घेताना ती आहे की नाही हे पाहून घ्यावे, कारण कित्येक स्वस्त नमुन्यांत ती गाळलेली असते. नवशिक्याला मिररलेसच्या खिडकीचा आणखी एक लाभ आहे. चित्र किती उजळ अथवा काळवंडलेले येणार हे कळ दाबण्यापूर्वीच तीत दिसते. डीएसएलआरच्या खिडकीत दृश्य दिसते, चित्र दिसत नाही. चूक नंतर कळते.

बाजारातच माणसाच्या स्वभावाचीही परीक्षा होते. भल्या मोठ्या भिंगाचा कॅमेरा रोखला की कोचई किंवा मुनगा विकणारी बाई पदर सावरून ताठ बसते, किंवा तोंड फिरवते. लहान कॅमेऱ्यासमोर माणसे आपल्या कामात राहतात. याचा अर्थ चोरून चित्र घ्यावे असा मुळीच नाही. आधी दोन शब्द बोलावे, अनुमती घ्यावी, नंतर चित्र दाखवावे, जमल्यास एक प्रत पोहोचवावी. पण अनुमती मिळाल्यावरही लहान यंत्र संभाषण मोडत नाही आणि मोठे यंत्र ते मोडते, हा अनुभव सर्वत्र येतो.

तिसरी परीक्षा चंपारण्याच्या दाट सावलीत. वल्लभाचार्यांचे हे जन्मस्थान. १४७९ साली येथे त्यांचा जन्म झाला असे पुष्टिमार्गीय मानतात आणि गुजरातेतून भाविकांची येथे रीघ असते. झाडांखालच्या सावलीत, मंडपाच्या अर्धवट उजेडात लहान संवेदकाची मर्यादा उघडी पडते. कॉम्पॅक्ट कण-कण दाखवू लागतो किंवा हात हलल्याने चित्र पुसट येते. मोठा संवेदक असलेला कॅमेरा, त्यावर रुंद तोंडाचे एखादे ठराविक अंतराचे भिंग, एवढ्यावर येथे छान चित्रे मिळतात. गाभाऱ्यात किंवा मनाईचा फलक असेल तेथे कॅमेरा झाकूनच ठेवावा.

चौथी परीक्षा महानदीच्या पात्रात. नवापारा ओलांडले की पलीकडे राजिम. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा येथे संगम. पात्राच्या मधोमध उंच अष्टकोनी चौथऱ्यावर कुलेश्वर महादेवाचे देऊळ उभे आहे. काठावर राजीवलोचनाचे प्राचीन मंदिर, ज्यात कलचुरी संवत् ८९६ चा, म्हणजे इ. स. ११४५ चा, जगपालाचा शिलालेख आहे. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे जत्रा भरते, तेव्हा वाळूच गावासारखी गजबजते. संध्याकाळी नवापाऱ्याच्या काठावर उभे राहिल्यास मावळतीचा प्रकाश आपल्या पाठीवरून जाऊन देवळावर पडतो. ती चित्राची वेळ. दूरच्या देवळातील माणूस किंवा वाळूवरचा बगळा जवळ आणायचा तर लांब भिंग हवे. कॉम्पॅक्टचे भिंग बदलता येत नाही. असेल तेवढ्यावर भागवावे लागते, आणि मोबाईल जे जवळ आणतो ते पुष्कळदा केवळ ताणून मोठे केलेले चित्र असते. डीएसएलआर व मिररलेस दोघांनाही लांब भिंगे मिळतात. पण ती वागवावी लागतात, त्यांची किंमत मोजावी लागते, आणि ती बदलताना वाळू आत जाण्याचा धोका पत्करावा लागतो.

या धोक्याची थोडी फोड करणे अवश्य आहे. भिंग काढताच मिररलेसचा संवेदक, काही नमुन्यांत पडदा झाकून घेतला जात असला तरी, बहुधा उघडाच पडतो; डीएसएलआरमध्ये पुढे आरसा व पडदा असल्याने किंचित आडोसा मिळतो. भाताची मळणी चालू असताना, रस्त्याच्या धुळीत किंवा नदीच्या वाळूत भिंग बदलूच नये. पावसाळ्याचा शत्रू निराळा. दमट हवेत भिंगाच्या काचेवर बुरशी धरते आणि ती एकदा आत शिरली की काढणे कठीण. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा. चामड्याच्या पिशवीत बंद करून कपाटात टाकू नये.

शेवटची परीक्षा घरी परतल्यावर. दिवसभरात विजेरी टिकली का? डीएसएलआरची खिडकी वीज खात नाही, म्हणून त्याची विजेरी दीर्घकाळ टिकते. निकॉनच्या डी ३५०० या हौशी नमुन्याचा उत्पादकाने दिलेला आकडा एका भरणीत १५५० चित्रांचा होता. मिररलेसमध्ये पडदा सतत चालू असल्याने तोच आकडा साधारणतः तीनशे-चारशेवर येतो. म्हणजे मिररलेस घेणाऱ्याने दुसरी विजेरी त्याच हिशेबात धरावी.

मग निवड कोणाची?

आपल्या घराच्या गरजेप्रमाणे उत्तर वेगळे येते, आणि ते स्पष्टपणे सांगणे बरे.

ज्या घरात मुलांचे वाढणे, सणवार, अंगण आणि अधूनमधून एखादा प्रवास एवढेच टिपावयाचे आहे, आणि चांगला मोबाईल आधीच आहे, त्यांनी साधा कॉम्पॅक्ट घेऊ नये. पैसे वाया जातील. घ्यावयाचाच झाला तर मोठ्या संवेदकाचा कॉम्पॅक्ट घ्यावा. तो महाग असतो, पण खिशात राहतो, आणि त्यापलीकडे एकही वस्तू विकत घ्यावी लागत नाही.

ज्याला छायाचित्रणाची कला शिकावयाची आहे आणि हाती पैसा बेताचा आहे, अशा विद्यार्थ्याने जुना डीएसएलआर पाहावा. कॅनन व निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. त्यामुळे वापरलेले कॅमेरे आणि त्यांची भिंगे बरीच स्वस्त मिळतात. घेताना भिंग उजेडाकडे धरून बुरशीचे जाळे आहे का पाहावे, पडदा किती वेळा उघडझाप झाला याचा आकडा विचारावा, आणि पांढऱ्या भिंतीचे एक चित्र घेऊन त्यावर डाग उमटतात का ते तपासावे. रिफ्लेक्स कॅमेऱ्याने शिकविलेला प्रकाशाचा हिशेब पुढे कोणत्याही यंत्रावर उपयोगी पडतो.

ज्याला पुढील दहा वर्षांसाठी नवा कॅमेरा घ्यावयाचा आहे, त्याने मिररलेसच घ्यावा. नवी भिंगे, नव्या सुधारणा आणि दुरुस्तीची सोय यापुढे त्याच वाटेने जाणार. पण लहान अंगाचा मिररलेस घेऊन त्यावर अवजड भिंग लावले तर लहानपणाचा लाभ उरत नाही. एकच छोटे, उजळ भिंग लावून वर्षभर वापरावे. त्या वर्षात आपली खरी गरज आपल्यालाच कळते. आणि किंमत विचारताना केवळ कॅमेऱ्याची विचारू नये : भिंग, विजेरी, स्मरणपत्रिका आणि पिशवी मिळून जो आकडा होतो तोच खरा.

या साऱ्यावर एक कसोटी आहे, आणि ती दुकानात लागत नाही. संध्याकाळी भाजी आणावयास निघताना आपण कॅमेरा उचलाल का? उचलणार नसाल तर तो कितीही उत्तम असला तरी रोजच्या छायाचित्रणाचा नव्हे. वजन आणि आकार यांना मी जे महत्त्व देतो ते यासाठी. संवेदकाचे क्षेत्रफळ तेरापट असून उपयोग काय, जर तो संवेदक कपाटात असेल?

चित्र घेतल्यानंतर

आपल्या आजोबांच्या पिढीतील पुष्कळ घरांत आगफा क्लिक ३ हा साधा पेटीसारखा कॅमेरा असे. तो बडोद्याला तयार होई. एका फिल्मवर चौकोनी बारा चित्रे निघत, आणि बारांपैकी प्रत्येकाचा विचार होई. पुढे उटकमंडच्या सरकारी कारखान्यातून ‘इंदू’ फिल्म येऊ लागली. तेव्हा चित्रे थोडी असत. पण त्यांच्या प्रती निघत, त्या अल्बमात चिकटवल्या जात, आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहिली जाई. म्हणूनच ती आज आपल्याला वाचता येतात.

आज आपण एका जत्रेत पाचशे चित्रे घेतो आणि मोबाईल बदलताना पाचशेही गमावतो. कॅमेरा कोणताही असो, वर्षाच्या शेवटी त्यांतील पन्नास चित्रे निवडावी, दोन ठिकाणी जपून ठेवावी, पंचवीसांच्या कागदी प्रती काढाव्या आणि प्रत्येकीमागे कोण, कोठे, केव्हा हे लिहावे. ‘आजी, अभनपूर स्थानक, छेरछेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी’ एवढी ओळ पुरे. तेवढ्याने ते चित्र एका घराचे न राहता गावाच्या इतिहासाचा कागद होते.

वाचकहो, अभनपुरास नवी गाडी सुरू होऊन फार काळ लोटलेला नाही. फलाट नवे आहेत, आणि त्यांवर बसणारी माणसे अजून जुन्या सवयीने टोपली दाराशी ठेवतात. जुन्या गाडीच्या वाटेवरची झाडे, तिच्या वेळेवर घड्याळ लावणारे म्हातारे, तिच्याविषयी सांगणाऱ्या बायका अजून आहेत. दहा वर्षांनी हे असेच असेल असे समजण्याचे काहीच कारण नाही. आपल्या गावी अभनपूर नसेल, पण त्यासारखा एखादा फाटा, एखादा घाट, एखादी गिरणी असेलच. दुकानात जाण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन यावे. आपल्याला काय टिपावयाचे आहे हे तेथे उमगते, आणि ते उमगल्यावर कॅमेरा निवडण्यास वेळ लागत नाही. तोवर खिशातला मोबाईल आहेच. त्यानेच आरंभ करावा, आणि तो आजच करावा.